पोपटी

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीत इंग्रजी वाचनाचा तास चालू असता पाठात ‘बार्बेक्यू’ हा शब्द आला. आम्ही त्याचा अर्थ सांगितला, तो असा की, उन्हाळ्याच्या दिवसांत घराच्या परसात विस्तव पेटवून त्यावर मांस, कणसे वगैरे भाजावयाची व आप्तेष्टांस बोलावून मोकळेपणी खावयाची, अशी पाश्चात्य देशांत रीत आहे. इतक्यात मागच्या बाकावरून एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, म्हणजे आपली पोपटीच की!” सारा वर्ग हसला आणि आम्हीही हसलो.

हसणे ओसरल्यावर आम्ही मुलांस तीन प्रश्न विचारले. पहिला, पोपटी किती जणांनी खाल्ली आहे? जवळजवळ सर्व हात वर झाले. दुसरा, पोपटीचे मडके उलटे का ठेवतात? एकही हात वर झाला नाही. तिसरा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरच्या शेतात यंदा वाल आहे? या प्रश्नास अवघे सात हात वर आले. दुसऱ्या प्रश्नाचे पुरते उत्तर त्या क्षणी आम्हांसही देता आले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. जी गोष्ट आपण दरसाल आनंदाने करतो तिची कारणे आपणांस ठाऊक नसावीत, हे शिक्षकास व विद्यार्थ्यांस सारखेच लाजिरवाणे होय. त्या दिवसाचे ते राहिलेले उत्तर या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. आपले कर्जत व खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. येथे वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. म्हणून येथील मुख्य पीक भात. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी जेथे राजनाल्याने पोहोचते, तेथे उन्हाळ्यातही भात होऊ शकते. जेथे ते पोहोचत नाही, तेथे भाताची कापणी झाल्यावर खाचरांत जी ओल उरते तिच्यावरच दुसरे पीक काढावे लागते. या कामी वालासारखे दुसरे धान्य नाही. वाल दवावर वाढतो, असे आपले वडीलधारे म्हणतात. दवाने त्यास थोडा हातभार लागत असेलही. परंतु त्याचा खरा आधार जमिनीतील ओलावा हा होय. त्याची मुळे खोल जाऊन तो ओलावा शोधतात. शिवाय वाल हे द्विदल धान्य असल्यामुळे त्याच्या मुळांवर लहान गाठी असतात व त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट १८८८ साली सिद्ध करून प्रसिद्ध केली. तात्पर्य, वाल शेतातून जे घेतो त्यातील काही अंश पुढील भातासाठी मागे ठेवून जातो.

डिसेंबरअखेर या वालास शेंगा धरू लागतात. दाणा भरलेला पण कोवळा, साल हिरवी पण जून न झालेली, अशी शेंग सुमारे फेब्रुवारीपर्यंत मिळते. तोच पोपटीचा काळ. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडते तेथील लोक असल्या भोजनास उन्हाळ्याची वाट पाहतात. आपल्याकडे मात्र थंडी पडावी, आकाश निरभ्र असावे व शेतात विस्तवाभोवती बसावेसे वाटावे, तेव्हाच त्यास रंग चढतो.

आता साहित्य पाहू. एक मातीचे मडके, ताज्या वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला, एवढे असले की पोपटी होते. यांशिवाय बटाटे, रताळी, लहान वांगी, अंडी व कोंबडी हे सर्व ज्याच्या त्याच्या ऐपतीवर व आवडीवर अवलंबून आहे. भांबुर्डा कोणी पेरीत नाही. पावसाळा संपल्यावर पडीक जागी, बांधाच्या कडेस व मोकळ्या खाचरांत तो आपोआप उगवतो. त्याची पाने लवदार असून चुरडली असता उग्र पण मनास प्रसन्न करणारा वास येतो. शेतकरी त्यास तण समजून उपटून टाकतो. परंतु पोपटीच्या दिवशी त्याच्यावाचून सर्वांचे अडते. पाला ओळखता येत नसेल तर जाणत्यास दाखवून घ्यावा. दिसावयास सारखी म्हणून भलत्याच झाडाची पाने मडक्यात घालणे धोक्याचे आहे.

मडके भरण्याची रीत येणेप्रमाणे : शेंगा धुऊन निथळू द्याव्यात, त्या सोलू नयेत. किडक्या शेंगा निवडून काढाव्यात. मडक्याच्या बुडाशी भांबुर्ड्याचा जाड थर द्यावा. त्यावर शेंगांचा थर घालून मीठ व ओवा भुरभुरावा. मध्यभागी बटाटे, रताळी व सबंध अंडी ठेवावीत. कोंबडी घालावयाची असल्यास तिचे लहान तुकडे करून त्यांस आले, लसूण, हळद, तिखट व मीठ चोळावे आणि ते केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवावेत, म्हणजे चारी बाजूंनी शेंगांची ऊब त्यांस मिळते. वर पुन्हा शेंगा घालून शेवटी मडक्याचे तोंड पाल्याने गच्च ठासून बंद करावे. मडके उलटे केले असता आतील एकही शेंग बाहेर पडता कामा नये. पाणी व तेल मात्र एक थेंबही घालू नये.

नंतर मोकळ्या जागी, जमीन साफ करून, मडके उपडे ठेवावे. त्याच्याभोवती व वर वाळक्या काटक्या, पेंढा, शेणी व सुके गवत रचून पेटवावे. जाळ चहूबाजूंनी सारखा लागला पाहिजे. एक बाजू भडकली व दुसरी थंड राहिली, तर अर्ध्या शेंगा करपतात व अर्ध्या कच्च्या राहतात. साधारण अर्धा ते पाऊण तास जाळ चालू ठेवावा लागतो. मडके मोठे असल्यास किंवा आत कोंबडी असल्यास अधिक वेळ लागतो. झाले की नाही हे पाहण्यासाठी अनुभवी मनुष्य मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो. थेंब चर्र आवाज करून तत्काळ नाहीसे झाले व भांबुर्ड्याचा वास चोहोकडे दरवळू लागला, म्हणजे जाळ बाजूस सारावयाचा.

आता त्या न सुटलेल्या प्रश्नाकडे वळू. पाणी घातले नसता शेंगा शिजतात कशा, व मडके उलटे का?

पाणी बाहेरून घातले नसले तरी आत पाणी आहेच. कोवळ्या शेंगेत व ताज्या पाल्यात पुष्कळ पाणी असते. मडके तापू लागले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ ही हवेहून हलकी. पाण्याच्या रेणूचा भार १८ धरला तर हवेच्या रेणूचा सरासरी भार सुमारे २९ भरतो. हलकी वस्तू वर चढते. मडके सुलटे असते तर वाफ तोंडाशी जाऊन पाल्यातून बाहेर निघून गेली असती. मडके उलटे असल्यामुळे वर बूड येते व वाफेची वाट बंद होते. ती तेथे साठत जाऊन आतील जड हवेस खाली ढकलते, व ती हवा तोंडातील पाल्याच्या फटींतून बाहेर पडते. थोड्याच वेळात मडक्यात हवा नाममात्र उरते आणि सर्वत्र वाफ भरते. जळण्यास प्राणवायू लागतो, हे आपण शास्त्राच्या तासात शिकलाच आहात. आत प्राणवायू फारसा नसल्यामुळे, बाहेर एवढा जाळ असूनही शेंगा पेट घेत नाहीत.

दुसरे कारण वाफेच्या सुप्त उष्णतेचे. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८ व्या शतकात दाखवून दिले की, उकळत्या पाण्याची वाफ होताना पुष्कळ उष्णता खर्ची पडते. परंतु त्यामुळे तापमान मात्र वाढत नाही. ती उष्णता वाफेच्या ठायी लपून राहते व वाफेचे पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता मिळते. तेच एक ग्रॅम उकळते पाणी आपल्या शरीराच्या उष्णतेइतके निवाले तर अवघ्या ६३ कॅलरी मिळतात. वाफ थंड शेंगेस लागली की तिचे पाणी होते व ही सारी उष्णता शेंगेच्या पदरात पडते. मडक्याच्या कोनाकोपऱ्यातील दाणाही सारखा शिजतो तो यामुळेच. आत जोपर्यंत ओल आहे तोपर्यंत तेथील उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. ओल संपली की मात्र ती झपाट्याने वाढते व शेंगा करपतात. म्हणून वेळेवर मडके काढणे हीच या कामातील खरी कसोटी होय.

तिसरा गुण मातीचा. मातीचे भांडे उष्णता सावकाश आत सोडते. धातूच्या भांड्याप्रमाणे एकदम नाही. त्यामुळे जाळ कमीजास्त झाला तरी आतील शेंगांस त्याचा धक्का एकाएकी बसत नाही.

शास्त्र कळले म्हणजे हात बसला, असे मात्र नव्हे. आमच्याच फजितीची एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शहरातील काही पाहुण्यांस पोपटीस बोलाविले व सर्व सिद्धता मोठ्या आत्मविश्वासाने स्वतः केली. पाला कमी पडला, तेव्हा तोंड सैल भरले व ‘चालेल’ असे मनाशी म्हटले. पाहुणे चुलीच्या धुराने डोळे पुशीत तासभर बसले. मडके उघडले तो काय? खालच्या शेंगा काळ्या ठिक्कर, वरच्या कच्च्या, व कोंबडी हाडाजवळ तांबूस! वाफ राहिली नव्हती, हवा मात्र आत शिरली होती. शेजारचे एक वृद्ध शेतकरी बांधावरून हे पाहत होते. ते म्हणाले, “गुरुजी, मडक्याचं तोंड आणि माणसाचं तोंड, वेळेला गच्च मिटलेलं बरं.” एवढे बोलून त्यांनी आपल्या नातवास पाला आणावयास पिटाळले व दुसरे मडके स्वतः भरून दिले. त्या रात्री आम्ही पाहुण्यांसह जे जेवलो ते त्यांच्या हातचे. वाल त्यांच्याच शेतातला होता व त्याबद्दल एक पैसाही घेण्यास ते तयार झाले नाहीत.

अशा रीतीने अन्न शिजविणारे आपणच एकटे आहोत, असे कोणी समजू नये. घाटावरील लोक थंडीत ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हुरडा खातात. दक्षिण गुजराथेत, वलसाडच्या बाजूस, उंबाडियू नावाचा पदार्थ करतात. तेथेही पापडीच्या शेंगा व कंद मडक्यात भरून, तोंड पाल्याने बंद करून, ते उलटे ठेवून भोवती जाळ करतात. ती आपल्या पोपटीची सख्खी बहीणच म्हणावी. दूर न्यूझीलंडमध्ये माओरी लोक खड्ड्यात दगड तापवून, त्यांवर अन्न ठेवून, ते ओल्या आच्छादनाने व मातीने झाकतात आणि कित्येक तासांनी उकरून काढतात. त्यास ते हांगी म्हणतात. ज्या ‘बार्बेक्यू’ शब्दावरून ही चर्चा निघाली तोही मूळचा इंग्रजी नव्हे. वेस्ट इंडीज बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून तो स्पॅनिश लोकांनी उचलला व तेथून इंग्रजीत आला. विस्तवावर लाकडांची मांडणी करीत, तिचे ते नाव. बार्बेक्यूत पदार्थ उघड्या निखाऱ्यावर भाजतो, तर पोपटीत तो आपल्याच अंगच्या वाफेत शिजतो. म्हणजे मागच्या बाकावरील आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर शास्त्रदृष्ट्या चुकले. परंतु भावार्थाने ते बरोबरच होते, कारण चार माणसांनी विस्तवाभोवती एकत्र यावे हा हेतू दोहोंचा एकच.

यजमानाने पाळावयाच्या काही गोष्टी येथे सांगणे अवश्य आहे. शेंगा दुसऱ्याच्या शेतातील असतील तर मालकास विचारल्यावाचून तोडू नयेत. गंमत म्हणून केलेली चोरी ही चोरीच असते. पाहुण्यांत कोणी शाकाहारी असल्यास त्यांचे मडके निराळे लावावे व ते प्रथम उघडावे. जागा वाळलेल्या गवतापासून दूर निवडावी, जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात व निघण्यापूर्वी निखारे पाण्याने पुरते विझवावेत. एका ठिणगीने आपल्या डोंगरांवर वणवे कसे पेटतात, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. मडके उघडताना तोंड त्याच्या समोर धरू नये व लहान मुलांस मागे ठेवावे. वाफेचा भाजा उकळत्या पाण्याच्या भाजण्याहून वाईट का, हे वरील आकड्यांवरून ध्यानात येईल. शेंगा नीट शिजल्याची खात्री करावी, कारण कच्चे वाल पोटास बाधतात. कोंबडी हाडाजवळ तांबूस दिसली तर ती पुन्हा शिजवावी. लाजेस्तव तशीच वाढू नये.

यजमानाने एकट्याने राबावे व पाहुण्यांनी बसून खावे, अशी ही मेजवानी नाही, हे तर विसरूच नये. कोणी शेंगा निवडावयाच्या, कोणी पाला आणावयाचा, कोणी सरपण वेचावयाचे, आजीने मीठओव्याचा अंदाज सांगावयाचा. शेवटी मडके केळीच्या पानांवर रिते करून, लहानथोर सर्वांनी भोवती बसून शेंगा सोलीत गप्पा मारावयाच्या. येथे ताट वेगळे नाही व पंगतीत वरची-खालची जागा नाही. आमच्या मते प्रीतिभोजन हे नाव या भोजनास जितके शोभते तितके पुष्कळ मोठमोठ्या मेजवान्यांस शोभत नाही.

आता तो तिसरा प्रश्न व ते सात हात. ज्या वृद्ध शेतकऱ्याची हकीकत वर सांगितली, त्यांच्या त्या शेताभोवती आज तारेचे कुंपण आहे. मुलीचे लग्न व घरातील दुखणे यांपायी त्यांनी ते विकले. त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यापासून आपल्या भागातील जमिनीस मोठी मागणी आली आहे. शहरातील मंडळी सुट्टीत येऊन पैसे देऊन पोपटी खातात, त्यामुळे गावातील काही घरांस चार पैसेही मिळतात, व तेही वाईट नाही. परंतु गेल्या थंडीत आम्ही आप्तेष्टांस पोपटीस बोलाविले तेव्हा शेंगा बाजारातून विकत आणाव्या लागल्या व भांबुर्ड्यासाठी दोन मैल फिरावे लागले. पोपटी चांगली झाली, सर्वांनी वाखाणली. आमच्या मनास मात्र वाटले की, पोपटीच्या मडक्यात केवळ शेंगा नसतात. भात निघालेले खाचर, त्यातील ओल, कोणी न पेरलेला पाला, कुंभाराचा हात व शेंगा देणारा शेजारी, एवढे सारे त्यात भरलेले असते. यांपैकी एकेक वस्तू नाहीशी होत गेली तर नुसती पाककृती पाठ करून काय उपयोग?

यास्तव विद्यार्थिमित्रांस आमची दोनच मागणी आहे. येत्या हिवाळ्यात पोपटी लागेल तेव्हा केवळ खावयास जाऊ नका. मडके भरावयास जा, पाला ओळखावयास शिका आणि आपल्या आजोबांस विचारा की तोंड किती गच्च ठासावे. ही विद्या पुस्तकात नाही व हा लेख वाचूनही ती येणार नाही. पालकांस विनंती अशी की, शेत नसले तरी ज्यांच्या घरामागे चार हात परस आहे त्यांनी पावसाळा सरताच त्यात मूठभर गावठी वाल मुलांच्या हातून टाकवावा. तेवढ्यात मोठे मडके भरणार नाही. परंतु लहान भरेल, आणि बी पुढील वर्षास राहील.

वर्गात तो प्रश्न आम्ही पुढील वर्षी पुन्हा विचारणार आहोत. सातांऐवजी आठ हात वर आले, तरी आम्ही समाधान मानू.